बुढी दाईच्या कपाळावरचे हात

बुढी दाई आपल्या भिंतीवर परत गेल्या आहेत. गेल्या मंगळवारी सकाळी कोठीच्या दिवाणखान्यात, पूर्वीच्याच जागी, त्यांचे तैलचित्र पुन्हा टांगण्यात आले. कोठीच्या मालकीण बहूरानी यांनी हे मला स्वतः फोन करून कळवले आणि दुपारी कुमुदताईंनी त्याला दुजोरा दिला. त्या एवढेच म्हणाल्या, "टांगलं भाऊ. सरळ आहे. दोनदा पाह्यलं."

जन्मभर बातम्या लिहिल्या, म्हणून गौरवलेखाची सुरुवातही ताज्या घटनेने आणि ती कोणी सांगितली याने झाली. वाचकांनी सांभाळून घ्यावे. पण ज्यांच्या अमृतमहोत्सवासाठी हा ग्रंथ निघतो आहे, त्या कुमुदताई गजभिये यांना ही सुरुवात आवडेल असे वाटते. आपल्याबद्दल लिहिण्याआधी चित्राबद्दल लिहावे, असेच त्यांनी सांगितले असते.

कुमुदताई सरकारी संग्रहालयाच्या जतन विभागात होत्या. जुन्या चित्रांवरची धूळ, बुरशी, काजळी काढणे, सुटलेला रंग पुन्हा बसवणे, कॅनव्हासला आधार देणे हे त्यांचे काम. निवृत्तीनंतरही ते थांबले नाही. रायपूर परिसरात ज्या थोड्या घरांत जुनी चित्रे उरली आहेत, त्या घरांत आजही त्यांचा फोन नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर, गॅसवाल्याच्या नंबराशेजारी लिहिलेला सापडतो.

त्यांपैकी सर्वांत मोठे घर म्हणजे ही कोठी. अभनपूर ओलांडून थोडे पुढे गेल्यावर आत वळणारा रस्ता लागतो, त्याच्या टोकाशी. जुन्या जमीनदार घराण्याची, उंच छताची, आजही नीट राखलेली. दिवाणखान्यात पूर्वजांची आठ तैलचित्रे आहेत. बहूरानी या घरात सून म्हणून आल्या तेव्हा गावाने त्यांना बहूरानी म्हटले. आता त्यांची साठी उलटली, नातवंडे शाळेत जातात, तरी गावासाठी त्या बहूरानीच आहेत. आणि बुढी दाई म्हणजे त्यांच्या सासूबाईंच्याही आजेसासूबाई. छत्तीसगडीत दाई म्हणजे आई. कोणा फिरत्या चित्रकाराने कोठीत मुक्काम करून त्यांचे चित्र काढले. चित्रावर सही नाही. हिरवे लुगडे, गळ्यात चांदीचा जाड सुता, मांडीवर उपडा ठेवलेला एक हात, आणि समोरच्या माणसाला बस म्हणावे की नको याचा विचार करत असलेला चेहरा.

माझी आणि कुमुदताईंची ओळख याच दिवाणखान्यात झाली. तीसेक वर्षे झाली. मी एका हिंदी दैनिकात नवा होतो. संग्रहालयाच्या कोणी मॅडम कोठीतली चित्रे साफ करून राहिल्या आहेत, जुने रंग झळकले आहेत, असे कळले, म्हणून संपादकांनी मला पाठवले. रविवारच्या पानासाठी गोड मजकूर हवा होता. मी गेलो तेव्हा कुमुदताई स्टुलावर बसून एका चित्राच्या मागच्या बाजूला टाचण डकवत होत्या. मी आडनाव सांगितल्यावर त्या मराठीत वळल्या. कुठले, विचारले. भंडाऱ्याकडचे, म्हटले. त्यांचेही मूळ तिकडचेच निघाले. दोघांचेही वडील रेल्वेत. इतके पुरेसे होते.

मी वही काढून, किती चित्रे साफ झाली, कोणता रंग वापरला, असे विचारू लागलो. त्यांनी सगळे शांतपणे सांगितले. मग म्हणाल्या, "हे झालं चांगलं. आता वाईट लिहून घ्या." आणि त्यांनी आपली चूक मला सांगितली.

कोठीत नवाखाईची रीत आहे. नवे तांदूळ घरात आले की ते आधी पूर्वजांना, मग घराला. त्या दिवशी घरातली थोरली सून चंदनात नव्या तांदळाचे पीठ कालवून त्याचे गंध पूर्वजांपैकी बुढी दाई आणि त्यांचे यजमान यांच्या चित्रांना लावत असे. चौकटीला किंवा काचेला नव्हे. काच नव्हतीच. थेट रंगवलेल्या कपाळाला. पिढ्यान्‌पिढ्या ते गंध एकावर एक साचून त्याचे हरभऱ्याच्या डाळीएवढे कवच झाले होते. कुमुदताईंनी पहिले चित्र घेतले ते बुढी दाईंच्या यजमानांचे. त्यांना ते कवच मळ वाटले. तांदळाच्या पिठावर कीड येते, हे त्यांच्या शास्त्रानुसार बरोबरच होते. दोन दिवस खपून त्यांनी कपाळ स्वच्छ केले.

तिसऱ्या दिवशी बहूरानींच्या सासूबाई दिवाणखान्यात आल्या. चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "उसमें मेरी सास का हाथ था."

कुमुदताईंनी मला हे सांगितले आणि म्हणाल्या, "मी विचारलंच नाई भाऊ. मळ आहे का, हे मले माहीत होतं. कोणाचा आहे, हे कोणाले विचारलं नाई."

मी लेख लिहिला. रविवारच्या पानावर जागा कमी पडली आणि चुकीबद्दलचा परिच्छेद मीच काढला. मला वाटले, बाईंचे भले केले. सोमवारी कार्यालयात फोन आला. कुमुदताईंनी लेखाबद्दल आभार मानले आणि म्हणाल्या, "चूक छापली नाई तुम्ही. आता दुसऱ्या कोठीत दुसरा कोणी तेच करील." पुढच्या रविवारी मी ती छापली. आमच्या संपादकांना हे काय चालले आहे ते कळेना. स्वतःची चूक छापून आणण्यासाठी फोन करणारी व्यक्ती त्यांनी तोवर पाहिली नव्हती. मीही नाही, आणि त्यानंतरही फारशी पाहिलेली नाही.

संग्रहालयाच्या अहवालात त्यांनी जे लिहिले, ते मी पुढे वाचले. "कपाळावरील थर काढण्यापूर्वी कुटुंबाला विचारले नाही. थर मळाचा नव्हता. चूक माझी आहे." वरिष्ठांनी शेवटचे वाक्य खोडावे असे सुचवले होते. त्यांनी खोडले नाही. त्याचा परिणाम बढतीवर झाला असे विभागातले लोक म्हणत. कुमुदताईंनी त्यावर कधी काही म्हटल्याचे मला आठवत नाही.

बुढी दाईंचे कपाळ मात्र त्या चुकीमुळे वाचले. त्या चित्राला हात लावण्याआधी कुमुदताई सासूबाईंकडे गेल्या आणि त्यांना भिंग दिले. बुढी दाईंच्या भुवईच्या कडेला बारीक किडे चालताना त्या भिंगातून दिसत होते. सासूबाईंनी पाहिले आणि विचारले, म्हणजे मी दरवर्षी दाईंना जेवू घालते की यांना? कुमुदताई म्हणाल्या, दोघांना. सासूबाई हसल्या आणि तिथून तोडगा निघाला. आहे तो थर तसाच ठेवायचा, कीड मारून जागच्या जागी पक्का करायचा. नवे गंध मात्र चित्राला नाही, तर पितळेच्या एका पट्टीला लावायचे. हातभर लांबीची ती पट्टी चौकटीखाली दोन आकड्यांवर बसते आणि काढून धुता येते. कुमुदताईंनी ती रायपुरातून स्वतः घडवून आणली.

सासूबाईंनी पट्टी मान्य केली, पण एक दंडक घातला. गंध लावताना पट्टी भिंतीवर नको. कोणीतरी ती दोन्ही हातांनी बुढी दाईंच्या चेहऱ्याखाली धरायची, आणि धरणारे माणूस घरचेच हवे. तेव्हापासून दर नवाखाईला तसेच होत आले. पट्टी कधी मुलाने धरली, कधी लेकीने. पट्टी घडवून आणणाऱ्या कुमुदताई त्या दिवशी बोलावणे आले तर जात, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसून पाहत.

येथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला कुमुदताईंनी नव्हे, कोठीतल्याच एका जुन्या माणसाने सांगितली. तीस वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी त्यांना कोठीच्या मागच्या दाराने आत नेले होते. नाव विचारले होते, मग आडनाव विचारले होते, आणि मग मागचे दार दाखवले होते. त्या तिथून आत गेल्या. पेटी उघडली, कामाला बसल्या. पुढे सासूबाईंच्याच सांगण्यावरून समोरचे दार उघडले गेले. मी एकदा त्यांना याबद्दल विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "चित्र दोन्ही दारांपासून सारख्याच अंतरावर होतं." विषय तिथे संपला.

हा पीळ कोठून आला, हे त्यांच्या वडिलांबद्दल ऐकल्यावर कळते. ते रेल्वेत पेंटर होते. मालगाडीच्या डब्यांवर नंबर रंगवायचे. जुना नंबर पुसट झाला की तो खरवडून नवा घालायचा, असे बहुतेक जण करत. कुमुदताईंचे वडील आधी गुडघ्यावर बसून जुना नंबर बोटाने वाचायचे. लेकीला सांगायचे, खालचं वाचल्याशिवाय वर ब्रश लावायचा नाही, नाहीतर डबा हरवतो. मुलगी शिकावी, हा त्यांचा एकच ध्यास होता. बाबासाहेबांची तसबीर आणि एक रंगाचा डबा, एवढेच त्या दोन खोल्यांत भिंतीवर आणि भिंतीखाली होते, असे कुमुदताई सांगतात. तसबिरीची चौकट वडिलांनी रेल्वेच्या उरलेल्या रंगाने रंगवली होती. अजून तोच रंग आहे. त्या चौकटीवर त्यांनी कधी प्रयोग केला नाही.

माझ्या स्वतःच्या घरावरचे त्यांचे ऋण येथे नोंदवतो. माझ्या आईचा एकच फोटो होता, वडिलांच्या रेल्वे पासावर चिकटवलेला. पुरानी बस्तीतल्या आमच्या घरात एका पावसाळ्यात त्यावर बुरशी आली. मी तो कुमुदताईंकडे नेला आणि म्हटले, बुरशी काढा, आणि जमल्यास आईच्या गालावरचा तो कार्यालयाचा शिक्काही काढा. त्यांनी बुरशी काढली. शिक्क्यासाठी म्हणाल्या, आठ दिवस विचार करा, मग सांगा. मी म्हटले, विचार काय करायचा? तर म्हणाल्या, "तुमच्या आईले पाहून कोणी शिक्का मारला, त्या दिवशी त्या कार्यालयात उभ्या होत्या. काहून घाई करून राहिले?" आठ दिवसांनी मी फोटो शिक्क्यासह परत आणला. आज तो शिक्का पाहताना आई कोऱ्या लुगड्यात, वडिलांच्या मागे, कोणत्या तरी खिडकीपुढे उभी डोळ्यांपुढे येते. शिक्का गेला असता तर नुसता चेहरा उरला असता.

आता गेल्या वर्षीची हकीकत, जिच्यामुळे बुढी दाईंना इतके महिने भिंत सोडावी लागली.

कोठीत एका हिंदी मालिकेचे चित्रीकरण करायचे ठरले. घराण्यातल्या सासवा-सुना, मृत्युपत्र, हरवलेली मुलगी, अशी कथा. बहूरानींना छताचे काम करून घ्यायचे होते, म्हणून त्यांनी होकार दिला. आमच्यापैकी अनेकांनी नाके मुरडली. कुमुदताईंनी नाही. घर वापरात राहिले तर चित्रे वापरात राहतात, असे त्यांचे मत. त्यांनी फक्त हिंदीत एक पानभर नियम लिहून दिले. दिवे किती अंतरावर ठेवायचे, भिंतीत खिळा नको, धूर नको, चित्रांना हात नको. मालिकेच्या कला दिग्दर्शकांनी त्यावर सही केली. तरुण, नम्र गृहस्थ होते. त्यांनी ते पान दिवाणखान्याच्या दाराला लावलेही.

चूक झाली ती अनादरातून नाही, हे मी मुद्दाम सांगतो. कथेत घरच्या सुनेने मोठ्या सासूच्या चित्राला टिळा लावायचा होता. कला विभागातल्या एका सहायकाने बुढी दाईंच्या कपाळावरचे जुने गंध पाहिले. कॅमेऱ्यात ते दिसत नव्हते. इथे टिळा लावतात का, असे त्याने कोठीतल्या म्हाताऱ्या नोकराला विचारले. नोकराने खरे तेच सांगितले, "हव, इहां तो लगाथें." पट्टीची गोष्ट कोणी विचारली नाही आणि त्याने सांगितली नाही. सहायकाने पायातले जोडे काढले, हात जोडले आणि बुढी दाईंच्या कपाळावर, जुन्या थराच्या वर, लालभडक टिळा लावला. दिव्यांच्या उष्णतेने तो ओघळू नये म्हणून त्याने कुंकू ज्यात कालवले, तो मिशा चिकटवायचा गोंद होता.

बहूरानींचा फोन आला तेव्हा मी कुमुदताईंच्या शंकर नगरच्या घरी होतो. त्यांच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते आणि उजव्या हाताला वर्षभरापासून हलका कंप होता. त्यांनी फोन ऐकला आणि खाली ठेवला. सासूबाईंना जाऊन तोवर काही वर्षे झाली होती. त्यांच्या वस्तू मुलीसुनांत वाटल्या गेल्या होत्या. त्यांच्या हातचे जिथल्या तिथे राहिले असे एकच काही उरले होते, आणि ते त्या गोंदाखाली होते.

"एक हात माझ्या हातून गेला," त्या म्हणाल्या. "हा दुसरा जाऊ नये."

भिलाईहून आलेला त्यांचा मुलगा तिथे होता. त्याने हिंदीत सांगून पाहिले की आई, तुझे वय, तुझे डोळे, मुंबईहून कोणी तज्ज्ञ येऊ दे. मालिकेच्या लोकांनीही तीच तयारी दाखवली होती. तज्ज्ञ आणू, अख्खे चित्र नव्यासारखे करून देऊ, असे ते म्हणत होते. कुमुदताई मुलाला म्हणाल्या, "नव्यासारखं करतील, त्याचंच तर भेव आहे."

पहिला पेच वेळेचा होता. कथेत तो टिळा पुढे आठ दिवस दिसायला हवा होता, म्हणून चित्र भिंतीवरच हवे होते, आणि दिव्यांच्या उष्णतेने गोंद दिवसागणिक खाली मुरत चालला होता. कला दिग्दर्शक हात जोडून सांगत होते की ताई, माझी नोकरी जाईल. कुमुदताईंनी त्यांनाही सासूबाईंना दिले होते तेच भिंग दिले. खालचे चंदन, तांदळाचे कण, त्यावर चढलेला चकचकीत लाल थर. ते बराच वेळ पाहत राहिले. मग कुमुदताईंनी आपल्या फायलीतून चित्राचा मोठा फोटो काढून दिला. त्यावरून कापडावर त्याच मापाची प्रत छापून आणली गेली आणि लाल टिळा लावून तिसऱ्या दिवशी भिंतीवर टांगली गेली. "मॅडम, आपकी दाई की छुट्टी. हमारी वाली ड्यूटी पर," कला दिग्दर्शक म्हणाले, आणि त्या आठवड्यात कोठीत पहिल्यांदा कोणी हसले. मालिकेत आज ज्या बुढी दाई दिसतात, त्या प्रत आहेत. खऱ्या तोवर पूर्वेच्या खोलीत टेबलावर आडव्या निजल्या होत्या.

मला वाटले, कुमुदताई लगेच कामाला लागतील. पण चित्र आता दिव्यांपासून दूर होते, आणि त्यांनी महिनाभर त्याला हात लावला नाही. आधी त्यांनी कापडाचे तुकडे तयार केले, त्यावर रंग आणि व्हार्निश चढवले, वर चंदन-तांदळाचे गंध लावले, वाळू दिले. मग मालिकेच्या मेकअपवाल्यांकडे तोच गोंद मागायला गेल्या.

ते मेकअपवाले मराठी निघाले. मुंबईचे दत्ताभाऊ, तीस वर्षे लोकांच्या ओठांवर मिशा चिकटवण्यात घालवलेले. गोंद कशाला हवा, हे ऐकल्यावर ते स्वतःच पूर्वेच्या खोलीत आले. कुमुदताईंनी अडचण सांगितली. पाणी लावावे तर खालचे तांदळाचे पीठ विरघळणार, स्पिरिट जास्त झाले तर व्हार्निश जाणार. दत्ताभाऊ तुकड्यावर वाकून म्हणाले की वरून भिजवायचेच नाही. कडेने ओले करायचे, थांबायचे, कड आपणहून उचलली की तेवढीच घ्यायची.

"ताई, मिशी ओढली की माणूस ओरडतो," ते म्हणाले. "हे ओरडणार नाही, एवढाच फरक."

कुमुदताईंनी ते माझ्याकडून वहीत लिहून घेतले आणि पुढे दत्ताभाऊंना त्यांनी उस्तादजी सोडून दुसरी हाक कधी मारली नाही. ज्या बाईंनी आयुष्यभर रसायने वाचली, त्या एका मेकअपवाल्यासमोर वही घेऊन बसल्या होत्या, आणि त्यात नम्रतेचा देखावा नव्हता. त्यांना माहिती हवी होती आणि ती त्या माणसाकडे होती.

अकरा दिवस, फक्त सकाळी, हे काम चालले. मी रोज त्यांना गाडीने नेत असे. लिहायचे काम माझे, कारण, त्यांच्या शब्दांत, "तुमाले सवय आहे, आणि आता जागा कमी पडली म्हणून काही गाळू नका." पूर्वेचा उजेड खोलीत असेपर्यंतच काम. चहा नाही, चहाने हात जास्त हलतो. चित्राच्या दोन्ही बाजूंना विटा, विटांवर फळी, फळीवर मनगट टेकलेले. बांबूच्या काडीला गुंडाळलेला कापूस गव्हाच्या दाण्याएवढा. श्वास सोडला की एक स्पर्श, मग काडी दूर. कधी एका सकाळी तांदळाच्या कणीएवढा लाल भाग निघे, कधी तेवढाही नाही. एका सकाळी हात थांबेचना, तेव्हा त्यांनी काडी ठेवली आणि आम्ही वीस मिनिटांत परत निघालो. गाडीत त्या म्हणाल्या की आज केलं असतं तर उद्याचं राहिलं नसतं. मग मला माझ्या कार्यालयातल्या गमती विचारत राहिल्या.

अकराव्या सकाळी जुन्या गंधाच्या डाव्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा लाल ठिपका उरला. तिथे गोंद तांदळाच्या पिठात मुरला होता. कुमुदताईंनी काडी खाली ठेवली आणि बहूरानींना बोलावून घेतले. भिंग त्यांच्या हातात दिले.

"दीदी, इथून पुढे गेले तर तुमच्या सासूबाईंचा हात निघून येईल," त्या हिंदीत म्हणाल्या. "थांबू का, तुम्ही सांगा."

तीस वर्षांपूर्वी न विचारलेला प्रश्न त्या दिवशी त्या खोलीत विचारला गेला. बहूरानींनी भिंगातून पाहिले. मग भिंग परत दिले आणि म्हणाल्या, "रहने दो, दीदी. वो भी किसी का हाथ है."

ठिपका तसाच आहे. अहवालाची नोंद कुमुदताईंनी मला सांगितली आणि मी लिहिली. चित्रीकरणाच्या वेळी कला विभागातील सहायकाने लावलेल्या टिळ्याचा अवशेष. सहायकाने तो श्रद्धेने लावला होता. काढल्यास जुना थर जाईल, म्हणून कुटुंबाच्या संमतीने ठेवला. मी विचारले, श्रद्धेने हा शब्द अहवालात बसतो का? त्या म्हणाल्या, "जोडे काढले होते त्यानं. ते लिहा मग." मी श्रद्धेने हा शब्द ठेवला आणि जोड्यांचेही लिहिले.

त्यानंतर चित्राला आणखी विश्रांती, चौकटीची दुरुस्ती, कोठीच्या नव्या छताखाली भिंत पूर्ण वाळण्याची वाट, आणि मग गेल्या मंगळवारची सकाळ. फोनवर बहूरानींनी मला टांगण्याची बातमी दिली, आणि त्याबरोबर आणखी एक. येत्या नवाखाईला बुढी दाईंचे गंध कुमुदताईंनी आपल्या हाताने लावावे, असे त्यांनी कुमुदताईंना सुचवले होते. घरच्या थोरल्या सुनेचा तो मान. बहूरानींनी तो आपणहून पुढे केला.

कुमुदताईंनी तो घेतला नाही. बहूरानींनी मला त्यांचे उत्तर जसेच्या तसे सांगितले. "गंध मी लावत नाही, दीदी. ती रीत माझ्या घरी नाही, आणि तो मान तुमचाच आहे, तुम्हीच लावा. पट्टी मी धरीन."

दुपारी मी कुमुदताईंना विचारले, हात हलतो, धरवेल ना? त्या म्हणाल्या, "पितळ आहे भाऊ. हललं तरी सांडत नाई."

शेतात धान उभे आहे. नवे तांदूळ कोठीत येतील त्या सकाळी मी त्यांना घ्यायला शंकर नगरला जाणार आहे. समोरचे दार उघडे असेल, दाराजवळची ती खुर्ची रिकामी राहील, आणि घरच्या माणसाने धरायची पट्टी बुढी दाईंच्या चेहऱ्याखाली कुमुदताईंच्या दोन्ही हातांत असेल. त्या हातांना बळ राहो, त्या डोळ्यांना सकाळचा उजेड पुरो, आणि असे नवे तांदूळ पुष्कळ वर्षे त्यांच्या वाट्याला येवोत.